तार कापलेला अँटेना

मित्रांनो, मी एक जुना टीव्हीचा अँटेना आहे. शारजातल्या एका गच्चीवर बारा वर्षे उभा होतो. आता जिन्याखाली आडवा पडलो आहे. फार थकलो आहे.

एक्क्याण्णव साली प्रकाशने मला पाइपला बांधले. माझ्या अंगावर आठ काड्या. टीव्हीची तार मात्र एकाच काडीला जोडलेली. बाकीच्या सात काड्या आलेल्या लहरी नुसत्या विखुरायच्या आणि त्या या एका काडीवर येऊन मिळायच्या. "अहो, आलं! एकदम क्लिअर!" प्रकाशची बायको वीणा खिडकीतून ओरडली होती.

नव्व्याण्णवमध्ये डिश आली. प्रकाशने माझी तार कापली आणि उरलेली टोके एकमेकांना पिळून ठेवली. "खलास, याचं काम संपलं," म्हणाला. मला उतरवायचा मात्र त्याने कंटाळा केला.

लहरी तर येतच होत्या, मित्रांनो. पूर्वी त्यांतल्या काही मी टीव्हीला देत असे. आता द्यायच्या कुणाला? सगळ्या चहूकडे फेकत राहिलो. ऊन, धूळ, खारी हवा. सुट्टी नाहीच.

दोन हजार तीनमध्ये जहांआरा शेजारी राहायला आली. तिचा अँटेना माझ्यापासून हातभर अंतरावर बसवला गेला. तिचा नवरा अजीज मालाच्या लाँचवर खलाशी होता. हवामानाच्या बातम्या पाहिल्याशिवाय ती दुपारी जेवत नसे. पण तिच्या पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मार्चमध्ये वादळ उठले, तेव्हा ती वीणाच्या दारात आली. "दीदी, कुछ दिखता नहीं. अजीज तीन दिन से समंदर में है."

वीणा शाळेत फिजिक्स शिकवायची. ती प्रकाशला घेऊन तडक गच्चीवर आली आणि माझी पिळलेली टोके पाहत राहिली.

"अहो, हा बंद नाहीये. टोकं जोडली की अँटेना लहरी उलट जास्त विखुरतो. हाच तिचं चित्र बिघडवतोय."

"चारला परत ऑफिसला जायचंय गं. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा बघू."

"शुक्रवारी नाही, आत्ता. तिचा माणूस समुद्रात आहे."

प्रकाशने पाना आणला. माझे गंजलेले नट किरकिरले आणि मी खाली आलो. तेवढ्यात खालून जहांआराचा आवाज आला, "दीदी, दिख रहा है! तूफान उतर गया!"

अजीज दोन दिवसांनी सुखरूप परतला. माझ्यामुळे ती बिचारी किती घाबरली, याचे मला अजून वाईट वाटते. मी मुद्दाम काही केले नव्हते.

मित्रांनो, एखादा अँटेना नको झाला, तर नुसती तार कापून निघून जाऊ नका. गच्चीवर चढा, नट सोडवा आणि त्याला खाली घ्या.