रिकामा डबा पाठवू नये

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या बुडाला एक पोचा आहे आणि झाकण असं घट्ट बसतं की ते उघडताना भल्याभल्यांना देव आठवतो. पोचा बघून हसू नका. तो कसा आला, तेच सांगायला बसलो आहे.

घाटकोपरच्या एका भांड्यांच्या दुकानात नलिनी नावाच्या एका नव्या नवरीने मला उचललं, टिचकी मारून पाहिलं आणि पसंत केलं. दुकानदाराने टर्रर्र आवाज करत माझ्या अंगावर नाव घातलं, 'सौ. नलिनी शिवदास'. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. हेच नाव पुढे माझ्या पायातली बेडी होणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

नलिनी मुलुंडला डोंगराच्या अंगाच्या एका चाळीत राहायची. शेजारच्या खोलीत सुगंधा. दोघी एकाच नळावर भांडायच्या आणि एकाच पाट्यावर वाटण वाटायच्या. पुढे नलिनीने स्टेशनजवळच्या बिल्डिंगीत जागा घेतली, तरी दिवाळीत मी चकल्या-करंज्यांनी भरून सुगंधाकडे जाणारच. परत येताना माझ्या पोटात तिच्या गावचे, नव्या भाताचे पोहे असायचे. रिकामा डबा पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आमच्या लोकांचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. सगळे माझं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मी थोडा फुगलोही होतो.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप झाला. सुगंधाचा नवरा दत्ताराम गिरणीत होता. दिवाळी आली तेव्हा त्याला घरी बसून दहा महिने होत आले होते. त्या वर्षी नलिनीने मला असं ठासून भरलं की झाकण लावताना दोन शंकरपाळ्या मोडल्या. सुगंधाच्या मुलांनी भाऊबीजेच्या आत माझा तळ गाठला. सुगंधाने मला घासलं, पदराने पुसलं आणि ओट्यावर ठेवलं.

आता घालायचं काय? गावचे पोहे आले होते, पण त्यावरच घर जेवत होतं. चहात साखरेऐवजी गूळ पडत होता, तोही मोजका. आज नाही तर उद्या काहीतरी घालू, असं म्हणता म्हणता तुळशीचं लग्न झालं. आणि एके दुपारी बोळातून नलिनीचा आवाज आला, "सुगंधा, आहेस का गं घरात?"

सुगंधाने झटकन दाराला कडी घातली, मला उचललं आणि खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत कोंबलं. वरून कोयंडा अडकवला. मित्रांनो, त्या क्षणापासून मी अडकलो.

आत मिट्ट काळोख. डांबराच्या गोळ्यांचा वास. उशाला तिचा लग्नातला शालू आणि पायथ्याशी मुलांची जुनी पुस्तकं. माझं झाकण घट्ट, म्हणून चकलीचा वाससुद्धा माझ्या पोटातून बाहेर पडेना. बाहेर नलिनी दार वाजवत होती, आणि सुगंधा श्वास रोखून खाटेवर बसली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, "अगं, मी इथे आहे!" पण डब्याला कुठलं तोंड? असलं तरी बंदच.

नलिनी तीनचार वेळा आली. मग यायची थांबली. सुगंधा बाजाराला लांबच्या वाटेने जाऊ लागली, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही गेली नाही. मला तिचा भयंकर राग यायचा. दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवते म्हणजे काय!

एकदा ट्रंक उघडली ती दत्तारामने. घरातली तांब्यापितळेची भांडी तोवर एकेक करून मोडीत गेली होती. मला हातात धरून तो म्हणाला, "ह्यो डबो इकून टाकूया. पोरांका दोन दिस भाकरी तरी मिळात."

"दुसऱ्याच्या नावाचा भांडा इकूचा?" सुगंधाने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "माका नाय जमाचा."

"मग परत तरी करून टाक."

"रिकामो? त्यापेक्षा तोंड नाय दाखवलेला बरा."

असं म्हणून ती रडली, आणि रडत रडत तिने मला राखेने घासलं. तेव्हा कुठे माझ्या पत्र्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मी ट्रंकेत कोंडलेला होतो आणि माझ्यापायी ती घरात कोंडलेली होती. पुढे दर महिन्याला ती मला काढून घासायची आणि पुन्हा आत ठेवायची.

पुढची दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या सकाळी सुगंधा डोंगरावरून लाकूडफाटा घेऊन आली, आणि दारातच नलिनी उभी. आता लपायला जागा नव्हती. मी ट्रंकेतून कान लावला.

"हे मुलांना," नलिनी म्हणाली. कागद कुरकुरला.

"कागदात आणलंस?"

"म्हटलं, डबा नको. परत करायची तुला उगाच कटकट."

लाकडांची मोळी धपकन जमिनीवर पडली. मग सुगंधाचा आवाज आला, कापरा. "इतकी वर्षं डब्यातनं आणलंस. आता देवळाबाहेर वाटतात तशा पुड्या देतेस होय गं? घेऊन जा त्या."

"अगं, माझ्या मनात तसं नव्हतं..."

"घेऊन जा म्हटलं ना!"

कोयंडा खटकन उघडला. उजेड डोळ्यात घुसला. सुगंधाने मला धाडकन जमिनीवर आदळलं, आणि हा पोचा आला तो तेव्हाच. "हा घे तुझा डबा! वर्षभर याच्यापायी तुझ्यापासून तोंड लपवतेय मी. घालायला काही नव्हतं गं घरात. आजही नाही. साखरसुद्धा नाही."

नलिनी माझ्याजवळ खाली बसली. माझ्या चकाकत्या अंगात तिला आपला चेहरा दिसला. "आणि मी वर्षभर आठवत बसलेय, आपलं काय चुकलं म्हणून," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते पुसताना तिची नजर लाकडांच्या मोळीशेजारी गेली. "ती कारिटं कुठली गं?"

मित्रांनो, कारीट म्हणजे रानातलं लहानसं, विषासारखं कडू फळ. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की तुळशीसमोर ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, की नरकासुर मेला.

"डोंगरावरची. चाळीतल्या पोरांना आणते दरवर्षी."

"आमच्या बिल्डिंगीत कुठलं आलंय कारीट! गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी लिंबू फोडलं. नरकासुर कसला मरतोय, सरबत पिऊन गेला असेल."

सुगंधाला हसू फुटलं. वर्षभरात तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

"मला दे ती," नलिनी म्हणाली. "आमच्या अख्ख्या मजल्याला हवीत. भर डबा."

"फराळाच्या डब्यात कारिटं? वेडी की काय?"

"मागतेय ना तुझ्याकडे? मग दे."

सुगंधाने मूठमूठ कारिटं घालून मला काठोकाठ भरलं. मग पुड्या सोडून फराळ स्वतःच्या ताटात ओतला आणि कागद चुलीत टाकला. नलिनीने मला पदराखाली घेतलं. आयुष्यभर बेसनाचे लाडू पोटात वागवले मी, पण त्या कडू कारिटांनी जसा जीव निवला तसा कशानेच निवला नाही.

त्यानंतर दर दिवाळीत मी गोड घेऊन जातो आणि कडू घेऊन येतो. मित्रांनो, सणासुदीला कुणाला काही द्याल तेव्हा हात आखडू नका, पण त्याच्याकडचंही काहीतरी मागून घ्या. आणि तुमच्या घरात दुसऱ्याच्या नावाचा डबा कुठे कोंडून पडला असेल, तर तो आजच नेऊन द्या. रिकामा असला तरी न्या. चालेल, हे आम्ही डबेच सांगतोय.