न मागितलेलं पाणी

अर्ज पहिला. आमच्या शेताजवळ कालव्याची भिंत फुटली आहे. वाल फुलावर आला आहे. पाणी थांबवावे.

अर्ज दुसरा. वरीलप्रमाणे.

अर्ज तिसरा…

तिसरा लिहून घ्यायला हौसाकडे कागद होता, धीर नव्हता. तीन आठवडे झाले होते. आधी पाणी बांधाकडेला झिरपायचं, आता शेतभर साचलं होतं. अजून दोन दिवस पाणी राहिलं तर मुळं कुजणार आणि वर्षाचा वाल गेला. ती नदीवरचा अष्टमी गावाचा पूल ओलांडून रोह्याच्या पाटबंधारे कचेरीत गेली. पायांचा चिखल मुद्दामच धुतला नाही.

साल शहाऐंशी, जानेवारी. भात कापलं की जमिनीच्या ओलीवर वाल पेरायचा आणि पुढे त्याला थेंब दाखवायचा नाही, हे हौसाच्या सासूच्या सासूलाही ठाऊक होतं. कचेरीला नव्हतं. पाणी आलं की शेतकरी खूश, एवढंच कचेरीला ठाऊक.

खिडकीमागे कारकून कमळाकर. त्याने वही उघडली.

"पाणीमागणीचा अर्ज?"

"मी पाणी मागितलंच नाय."

"मग तुमच्या शेतात पाणी नाही."

"घोट्याएवढं हाय, भाऊसाहेब."

"मागणी नाही तर पाण्याची पाळी नाही. पाळी नाही तर पाणी नाही. हे बघा."

हौसाने बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. पण वही कोरडी होती, एवढं दिसलं.

तिच्या मागे केरू उभा होता. कालव्याच्या पार शेवटच्या गावचा, उन्हाळी भात करणारा. त्याने मागणी भरली होती. वहीत त्याचं शेत चिंब होतं, गावात त्याचं आवण, लावणीची भातरोपं, सुकत होतं.

"म्हंजे माजं पाणी हिच्या वालात निजलाय," केरू म्हणाला. "चोरतेस काय गो मावशे?"

"ने की उचलून. घागर देते."

कमळाकरने खिडकी लावली. जेवणाची वेळ.

पायरीवर केरू तिच्या शेजारी टेकला. "तक्रारीला हितं कोण हलत नाय. चोरीला हलतात. आमच्यातल्या एकानं पाट फोडला, तर दुपारला जीप हजर."

हौसा पायांचा वाळलेला चिखल खरवडत राहिली. तिने जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची शेंग तोडली नव्हती.

खिडकी उघडली.

"लिवा," हौसा म्हणाली. "कालवा मी फोडला."

कमळाकर खुर्चीतून उठला. सकाळपासून पहिल्यांदा.

पंचनामा. शाई. अंगठा. साक्षीदार केरू, लाजेने खाली बघणारा. जीप. वाळू, सिमेंट, दोन गवंडी. पुढे कालव्याची राखण करणारा पाटकरी काळुराम, ज्याच्या डोळ्यांदेखत ती भिंत आपली आपण फुटली होती.

ऊन उतरेपर्यंत भिंत बुजली. पाणी केरूच्या गावाकडे निघालं. खरं बोलून तीन आठवडे गेले होते. खोट्याला एक दुपार पुरली.

आता शेतात साचलेलं पाणी ओहोळात सोडायचं, की वाल जगला. हौसाने घरून फावडं आणलं, बांधावर दोन घाव घातले.

"वयनी, तेवढं फावडं द्या," काळुराम म्हणाला.

"कशाला?"

"जप्त. फोडायचं हत्यार पंचनाम्याला लागतं."

"यानं नाय फोडला."

"मग कशानं?"

हौसाने बुजवलेल्या भिंतीकडे बघितलं. खरं सांगावं तर अंगठा खोटा पडणार, आणि ओलं सिमेंट हे लोक परत उकरणार नाहीत याचा काय भरवसा.

"यानंच," ती म्हणाली.

फावडं जीपमध्ये गेलं.

हौसा बांधावर बसून हातांनी माती उकरू लागली. वर्षानुवर्षं तुडवून बांध दगड झाला होता. एक नख उलटलं. मग करंगळीएवढी धार सुटली, गढूळ, सावकाश.

जीपमधून काळुराम ओरडला, "वयनी, ते पाणी सोडू नका. मोजायचं हाय. सरकारी हाय."

हौसाने मान वर केली नाही. तिने दुसराही हात भोकात घालून माती ओढली.