पंचविसाच्या पुढे

आईची स्कूटर ताशी पंचवीसच्या वर जात नसे. आईचा परवानाच तेवढ्या वेगाच्या गाडीपुरता होता, आणि कारखान्यातून निघतानाच गाडीच्या पोटात एक चकती बसवून तिचे पाय बांधलेले होते. व्यायामाला पळणारे एक काका परवा शेजारून पुढे गेले आणि जाता जाता आईच्या तब्येतीची चौकशीही करून गेले, असं भिंगरी मैत्रिणींना सांगायची. त्यात तिखटमीठ भरपूर असे, पण मूळ गोष्ट खरी होती.

आई नर्स. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. कुणाची जखम बांध, कुणाला इंजेक्शन दे, असं करत दिवसाला नऊ घरं. शेवटचं घर पार गावाबाहेर. तिथून निघून आई घरी उगवायची ती साडेसातला. तोवर भिंगरीच्या पोटातल्या दिवसभराच्या गोष्टी शिळ्या झालेल्या असत, आणि आई जेवता जेवताच पेंगायला लागे. घरात मायलेकी दोघीच. गोष्टी सांगायच्या कुणाला, भिंतीला?

गेली सुट्टी भिंगरीने मामाच्या गॅरेजमध्ये काढली होती. आधी तिला पाना कुठला आणि पक्कड कुठली हेही सांगता आलं नसतं. सुट्टी संपता संपता मामा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "हिच्या हाताला गुण आहे." तेव्हापासून भिंगरी दोन बोटं उंच झाली होती. वर्गात हात वर करणं, मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं, सगळंच एकदम जमायला लागलं होतं.

रविवारी दुपारी आई झोपली होती. भिंगरीने अंगणात स्कूटर स्टँडवर घेतली, डाव्या बाजूचं झाकण उघडलं, निघालेला एकेक स्क्रू मामासारखा वर्तमानपत्रावर ओळीने मांडला आणि पुढच्या पुलीतून ती चकती बाहेर काढली. एवढीशी ती लोखंडाची चकती, आणि हिच्यापायी आई रोज उशिरा येते. भिंगरीला तिचा रागच आला. सगळं जागच्या जागी बसवून तिने गल्लीत एक फेरी मारली. सुटताना काही फरक नव्हता, पण पंचवीसवर येऊन धापा टाकायच्या ऐवजी गाडी पळतच राहिली. चाळीस. भिंगरीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आईला सांगायचं नाही, उद्या लवकर घरी पोचली की तिचा चेहरा बघायचा, असं तिने ठरवून टाकलं.

सोमवारी दुसऱ्या तासाला भूमितीच्या बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या, आणि भिंगरीला आईचा उजवा हात आठवला.

आई गाडीची मूठ कधी अर्धी पिळतच नसे. निघाली की पूर्ण पिळायची आणि तशीच धरून ठेवायची. सहा वर्षं तो हात तसाच. वेगाच्या काट्याकडे ती बघतही नसे, बघायचं काय त्यात? पहिलं घर गल्लीच्या टोकालाच. दुसऱ्या घराला जाताना एक उतार लागतो, उताराच्या तळाशी काटकोनात वळण. निळं फाटक आलं की आई मूठ सोडते आणि गाडी आपसूक वळते. भिंगरी मागे बसून शंभरदा तिथून गेली होती. पण निळ्या फाटकापाशी सोडायची, हा हिशेब पंचवीसचा होता.

ती उभी राहिली.

"बाई, मला ऑफिसातून फोन करायचाय. आत्ता."

"काय झालं?"

"मी काहीतरी करून ठेवलंय."

बाईंनी खडू खाली ठेवला आणि पुढे काही न विचारता तिला ऑफिसात नेलं.

फोन दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा आईने उचलला.

"आई, कुठेयस?"

"रस्त्यात उभी आहे." आईचा आवाज रोग्यांशी बोलताना असतो तसा सपाट होता. "गाडीला काय केलंस?"

"तुला कसं कळलं मी केलं?"

"आपल्या घरात गाडी उघडणारी दुसरी कोण आहे?"

"लागलं का तुला?"

"कुंपणात शिरले. गुडघा सोलवटला, तो बांधला मीच. औषधाच्या बाटल्या फुटल्या. तिकडे आजोबा इंजेक्शनची वाट बघत बसलेत. ठेव आता."

चारला भिंगरी घरी आली, तेव्हा मामाचा टेम्पो दारात होता आणि स्कूटर अंगणात. उरलेली घरं इतर नर्सनी वाटून घेतली होती. आई पायरीवर पाय लांब करून बसली होती. मामाने गाडीवरून मान वर केली.

"काम चोख केलंयस. एक स्क्रू ढिला नाही. म्हणूनच जास्त राग येतोय."

भिंगरी दप्तर ठेवून खालच्या पायरीवर बसली.

"रस्त्यात कुणी तपासलं असतं तर परवाना गेला असता," आई म्हणाली. "परवान्याबरोबर नोकरी. हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं. पण तू लवकर यावीस म्हणून..."

आईने गुडघ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाली, "मला लवकर यायचंच नसतं गं."

मामा उगाचच पाना शोधायला लागला.

"नऊ घरांत नऊ जण कण्हत असतात, आणि मला हसऱ्या तोंडाने वावरावं लागतं. शेवटचं घर झालं की रस्त्यात तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही. घर येईपर्यंत ते कण्हणं कानातून उतरतं. लवकर आले तर सगळं घेऊनच येईन."

"म्हणजे मीपण हाका मारणाऱ्यांतलीच."

"थोडीशी," आई म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही.

भिंगरी उठली. "चकती मी बसवते परत."

"नको. मामा बसवेल."

हे मात्र जिव्हारी लागलं. पण ती भांडली नाही. मामाच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली आणि तो मागेल तो स्क्रू हातात देत राहिली.

"शाळेत काय झालं आज?" आईने पायरीवरून विचारलं. "आज वेळ आहे मला."

"नंतर सांगते. तू बस जरा शांत."

आईने खांबाला डोकं टेकून डोळे मिटले. अंगणात नुसता पान्याचा आवाज येत राहिला. भिंगरीने ओठ घट्ट मिटून धरले होते, आणि मामा तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता.

"सांग बाई काय ते," आई डोळे न उघडता म्हणाली. "तू गप्प बसलीस की मला धास्तीच वाटते."