कानातले बोळे

पर्यवेक्षकानं नीलिमाच्या कानातले बोळे उपटून काढले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "सर, ये देखो! ब्लूटूथ!"

ब्लूटूथ कसलं डोंबलाचं! मेडिकलमध्ये मिळणारे स्पंजचे बोळे होते. पण हल्ली परीक्षेत कानात काही दिसलं, की माणूस चोर.

शंकर नगरातल्या शाळेत खात्याची बढतीची परीक्षा चालू होती. वयाच्या नियमानं नीलिमाची ही शेवटची संधी. आज पेपर गेला, तर रिटायर होईपर्यंत आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारायचे.

केंद्रप्रमुख धर्मपाल सर आले. एक बोळा त्यांनी नखानं फाडून बघितला. आत काहीच नव्हतं. तरी दोन्ही खिशात टाकले.

"हिरालालची पोरगी ना तू? समाजात बापाचं नाव हाय. अन् तू असे धंदे करून राहिली?"

"सर, मले आवाज सहन होत नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं आहे."

सरांनी ते वाचलं. "एडीएचडी? हा तर पोट्ट्यांचा रोग!"

"पोट्टे मोठे होतात सर. रोग काहून जाईल?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. "लिही गुपचूप," म्हणून सर निघून गेले.

डॉक्टरनं तिला साध्या भाषेत सांगितलं होतं. डोक्यातला आवाज ऐकणारा भाग आणि लक्ष धरणारा भाग एकमेकांशी जोडलेले असतात. बाकीच्यांच्या गेटवर चौकीदार असतो, तो फालतू आवाजांना बाहेरच हाकलतो. तुझी जोडणी वेगळी, तुझ्या गेटवर कुणीच नाही.

आता गेट सताड उघडं होतं. पंख्याची किरकिर आत आली. कुणीतरी चॉकलेटचा कागद सोलत होतं, हळूहळू, जीव घेत. दारापाशी दोन पर्यवेक्षक, ज्यांचं काम शांतता राखायचं, ते टिफिनमध्ये काय आहे यावर कुजबुजत होते. नीलिमा रजेच्या नियमाची एकच ओळ वाचत होती आणि दर वेळी अर्ध्यात सांडत होती. सगळं पाठ होतं तिला. हातात मात्र काही येत नव्हतं.

तेवढ्यात खाली रस्त्यावर धुमाल पार्टी वाजत आली. विसर्जनाला निघालेला गणपती, पुढे ट्रकवर ढोल, नगारे, बेंजो. कोपऱ्यावर ट्रक अडकला आणि पार्टी तिथंच पेटली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लोकांनी डोकी धरली.

नीलिमाचं पेन धावायला लागलं.

त्या एका दणदणाटाखाली बारके आवाज सगळे मेले. पंखा मेला, कागद मेला, टिफिन मेला. एका आवाजाकडे पाठ फिरवता येते, पन्नासांकडे नाही. ती पानामागून पान लिहीत सुटली.

"सर, खिड़की बंद करवाओ, कुछ समझ नहीं आ रहा!" कुणीतरी बोंबललं.

"नका करू!" नीलिमा ताडकन उभी राहिली.

हॉल हसला. "दीदी, अभी तो आवाज़ से तकलीफ थी न आपको?"

नीलिमानं पेन पुन्हा कागदावर टेकवलं. सांगत बसली असती, तर वेळ गेला असता. पर्यवेक्षकानं एकेक काच लावून घेतली. धुमाल विहिरीत पडल्यासारखी खोल गेली आणि पंखा पुन्हा किरकिरला. शेवटचा प्रश्न राहिला होता, सगळ्यात जास्त मार्कांचा.

ती उत्तरपत्रिका घेऊन सरळ बाहेर व्हरांड्यात गेली. कठड्याखाली फरशीवर बसली आणि लिहायला लागली. ढोल थेट छातीवर आदळत होते.

धर्मपाल सर धावत आले. "पागल झाली का तू? हॉल सोडला! केस होईल. नोकरी जाईल."

"करा केस. अन् काहून केली, ते बी लिहा. कानात स्पंज होता म्हणून."

"दे इकडं!"

त्यांनी उत्तरपत्रिकेचा कोपरा धरला. तिनं डावा तळवा पानावर दाबला. ओढलं असतं, तर टरकन फाटलं असतं, आणि फाटलेल्या उत्तरपत्रिकेचा जाब आधी केंद्रप्रमुखालाच द्यावा लागतो. दोघांनाही ते माहीत होतं. सरांनी ओढलं नाही. मूठ मात्र सुटेना.

खाली ट्रक हलला. ढोल पुढे सरकायला लागले.

नीलिमानं मान वर केली नाही. सरांच्या मुठीपासून बोटभर अंतरावर तिनं शेवटची ओळ लिहिली, पूर्णविराम दिला आणि हात उचलला.

"घ्या. झाला पेपर."