माया धरून अठ्ठावीस

स्कूटर घ्यायला निघालेला माणूस साधारण आधी रंग बघतो, मग शेजाऱ्याकडे कुठली आहे ते बघतो, आणि मग घरी येऊन दोन आठवडे वाद घालतो. या लेकीकडे धड दोन दिवस नव्हते. शनिवारचे दहा वाजले होते, आणि सोमवारी सकाळी तिच्या अडुसष्ट वर्षांच्या आईला एकटीनं स्कूटरवर बसून टेकडी चढायची होती. नाही चढली, तर संध्याकाळपर्यंत बाबांच्या नाकात नळी. गोष्ट एवढीच होती, पण तिच्या तोंडचं पाणी पळवायला तेवढी पुरेशी होती.

बाबा सव्वा वर्षापासून टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होते. झटक्यानं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, माणसं ओळखणंही बरंचसं गेलं. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात काढलेली. तिथं बाराचा भोंगा झाला की डबा उघडायचा आणि साडेबाराच्या भोंग्याला झाकण लावायचं. सगळं विसरले, पण पोटातला भोंगा काही विसरले नाहीत. बाराला तोंड उघडायचं, साडेबाराला मिटायचं, आणि एकदा मिटलं की ब्रह्मदेव खाली आला तरी उघडायचं नाही. त्यातही चमचा आईच्याच हातातला हवा. तिथल्या सगळ्या सिस्टरांनी हात टेकले होते.

लेकीनंही एकदा करून पाहिलं होतं. पाच महिन्यांपूर्वी आईला ताप होता म्हणून ती गेली. बाबांनी तिच्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तसं पाहिलं आणि डाव्या हातानं चमचा असा उडवला की सूप तिच्या डोळ्यांत गेलं. त्यानंतर ती टेकडी चढली नाही. कधी ड्यूटी आडवी आली, कधी सर्दी. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात. आईनं एकदाही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच तिला जास्त लागायचं.

नळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. मोठ्या दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. नळी बरोबर पोटात उतरली की भलतीकडंच गेली, हे बघायला रोज दोन-तीन म्हातारे तिच्याच टेबलावर यायचे. नळी उपटू नये म्हणून त्यांचे हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले असायचे. मऊ पट्ट्या, बरं का. जसं काही पट्टी मऊ असली की बांधलेला माणूस मोकळा होतो.

हे सगळं आलं ते आईच्या जुन्या स्कूटरमुळं. बावीस वर्षांचं ते धूड लाथ मारून सुरू करायचं, आणि बुधवारी टेकडीच्या वळणावर ते आईसकट आडवं झालं. आईचा गुडघा सुजला. गुरुवारी तिला पाऊल टाकता आलं नाही. शुक्रवारी भाड्याची गाडी बोलावली, ती पन्नास मिनिटांनी आली. वर कुणी यायला तयार नसतं आणि बस तर बंदच झालेली. आई पोचली तेव्हा एक वाजला होता आणि बाबांचं तोंड मिटलेलं. तीन दिवस पोटात अन्न नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की असं एक दिवस जेवण, एक दिवस उपास चालणार नाही. सोमवारी बाराला ते स्वतः बघायला येणार होते. आई वेळेवर आली, बाबा जेवले, आणि ती रोज येईल अशी त्यांची खात्री पटली तर ठीक. नाहीतर नळी. शेजारी बिचारा शनिवार-रविवार आईला वर सोडायला तयार झाला. सोमवारपासून त्याचं त्याला पोट होतं.

जुन्या स्कूटरला गॅरेजवाल्यानं एकदाच पाहिलं. "ताई, हिला आता मोक्ष द्या," म्हणाला. माणूस भला होता, हात पुसत पुसत त्यानं सगळं समजावलं. बटणानं सुरू होणारी घ्या. वजनाला हलकी, पाय ठेवायची जागा सपाट, एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरणारी. बाकी जाहिरातीत काय वाटेल ते लिहू द्या, म्हातारं माणूस पडतं ते गाडी पळताना नाही, उभी करताना. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. तेव्हा आधी आईच्या पायाचं माप घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा.

माप घ्यायला आई होती कुठं? ती तर टेकडीवर जाऊन बसलेली. लेकीनं दुकानातूनच फोन लावला. दुकानात टाय लावलेला एक विक्रेता तिला वेगाचे आकडे सांगत होता, जसं काही म्हातारीला शर्यतीतच उतरवायचंय. आज हातात मिळतील अशा दोनच गाड्या होत्या. एक बुटकी, बैठक सव्वीस इंचांवर, दिसायला खेळण्यासारखी आणि बसायला पाट. दुसरी अठ्ठावीस इंचांची. बैठक अशी मऊ की तिच्यावर बसल्यावर हिला चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकल्यासारखं वाटलं. बिघाडाची तक्रार म्हणून नाही, असं गॅरेजवालाही म्हणाला होता.

आई चव्वेचाळीस वर्षं घरी शिवणकाम करत होती. साऱ्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ, तिथं स्वतःचं काय विचारायचं. बाबा बोलत होते तेव्हा तिला टाचणी म्हणायचे. का, तर लहान आणि टोचणारी. टाचणीनं फोनवर क्षणभरही न थांबता सांगितलं, "आतून पायाची लांबी ना? अठ्ठावीस." आणि बारा वाजायला आले म्हणून फोन ठेवून दिला.

अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. लेकीनं मऊ बैठकीची घेतली. ती बुटकी तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या गिऱ्हाइकानं नेली, आणि हिला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

रविवारी दुपारी आई टेकडीवरून परतली. चार चमचे गेले म्हणाली, अंगात ताकदच उरली नाही त्यांच्या. मग स्कूटरभोवती एक फेरी मारली, बैठकीची शिवण नखानं तपासली, बरी आहे म्हणाली आणि लेकीनं धरलेल्या गाडीवर चढली. तिचे पाय हवेतच राहिले. अंगठे तेवढे जमिनीला घासत होते. धर म्हणेपर्यंत गाडी कलली, आई गाडीबरोबर, लेक आईबरोबर, आणि तिघी भिंतीवर गेल्या. आरसा फुटला. आईचा सुजलेला गुडघा नेमका खाली आला. ती ओरडली नाही, पण ओठ पांढरे पडले.

पायरीवर बसवून लेक तिच्याकडं बघत राहिली. दुकान आज बंद, बुटकी गाडी गेलेली, उद्या बाराला डॉक्टर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आणि मग ते तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. शिवताना कडेचं जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, पुढं कधी उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी माप लिहितात आणि कापताना माया धरतात. आईची रीत उलटी होती. कापताना वेळ जायला नको म्हणून ती वहीत मापच माया मिळवून लिहायची. लहानपणी आई सांगायची आणि ती वही लिहायची हीच. शेकडो मापं हिच्या अक्षरात होती. दुनियेत एका माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि तेच माणूस दुकानात मऊ बैठकीवर बसून खूश झालं होतं.

"आई, अठ्ठावीस माया धरून सांगितलंस?"

"मग? माया न धरता मी आयुष्यात कुणाला माप सांगितलंय का?"

लेकीचा तोल सुटला. चार दिवसांचं सगळं बाहेर पडलं. स्कूटर काय विजार आहे का, असं विचारून झालं. तुझ्या हट्टापायी बाबांचे हात बांधतील, हेही बोलून झालं. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. आई आपल्याच पायांकडं बघत होती, आणि त्या क्षणी ती खरंच फार म्हातारी दिसली. लेकीला वाटलं, संपलं. उद्या संध्याकाळी त्यांना नळीची खात्री करायला आपल्याच टेबलावर आणतील, आणि पट्ट्या बांधलेल्या त्या माणसाला आपण सांगणार, हलू नका.

मग मान वर करून आईनं विचारलं, "ती बैठक सुटी होते का?"

होत होती. चार नट. आईनं ती शिवणाच्या खोलीत आणून उपडी घातली, पकडीनं एकेक पिन काढली आणि कव्हर सोलून बाजूला केलं. आत फोमचा जाड ठोकळा. पाव कापायची सुरी घेऊन तिनं खडूनं रेघ मारली, अगदी दोन इंचांवर, आणि कापायला बसली. लेक धरून होती. त्या एवढ्या मऊ फोमचा सगळा मऊपणा सुरीखाली निघून येत होता आणि दोघींच्या मांडीवर पिवळा भुगा पडत होता. आईचा हात दुखायला लागला की लेकीनं कापायचं, लेकीची रेघ वाकडी गेली की आईनं तिला शिव्या घालायच्या. त्या शिव्या ऐकून लेकीला जरा जिवात जीव आल्यासारखं झालं.

कोपऱ्यावरच्या कुशनवाल्याकडून पिना मारायचं यंत्र मागून आणलं. कव्हर आता मोठं होत होतं. जास्तीचं कापायला लेकीनं कात्री उचलली, तर आईनं हातावर चापट मारली. कापायचं नाही, आत दुमडायचं. बाईला चिंधीसुद्धा टाकवत नाही, असं लेकीला वाटलं आणि तिनं मुकाट्यानं दुमडलं. कापलेला फोमही आईनं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर ठेवायला लावला.

संध्याकाळी आई पुन्हा चढली. दोन्ही टाचा टेकल्या. गल्लीत तीन फेऱ्या झाल्या, चौथ्या फेरीला तिनं एक हात सोडून नाक पुसलं.

सोमवारी ती पावणेअकराला निघाली आणि लेक कामावर गेली. साडेअकरा झाले, बारा झाले. फोन येईना. सव्वाबाराला टेबलावर एक म्हातारा आला, नळी घातलेला, दोन्ही हात बांधलेला. फोटो काढेपर्यंत त्याची बोटं पट्टीत सारखी वळवळत होती. चादर ओढायची होती की कुणाला धरायचं होतं, कुणाला ठाऊक. लेकीनं दोन वेळा हलू नका म्हटलं आणि मग तिला तिसऱ्यांदा म्हणवेना. त्याला खोलीबाहेर नेण्याआधी तिनं चादरीचं टोक त्याच्या बोटांत दिलं.

बारा चाळीसला फोन वाजला.

"जेवले," आई म्हणाली. "वाटीभर. डॉक्टर समोर उभे होते. नळी नको म्हणाले, पण रोज यायला हवं, एक दिवस खाडा चालणार नाही."

लेक भिंतीला टेकून रडली. आईनं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं नाक ओढत लेक म्हणाली की बैठक पाटासारखी लागली असेल, रविवारी कुशनवाल्याकडून नीट करून घेऊ, आतलं ते जास्तीचं कव्हरही कापून टाकू.

"त्याला हात लावायचा नाही. ती माया तुझ्यासाठी ठेवलीय. कधीतरी माझा गुडघा नको म्हणेल, नाहीतर मीच नसेन. तेव्हा पिना काढ आणि कपाटावरचा फोम आत घाल, तुला बसण्यासारखी होईल. ह्यांचे बारा काही चुकायचे नाहीत."

"माझ्या हातचं खात नाहीत ते, आई."

"माझ्या हातचं तरी कुठं खात होते? पहिले नऊ दिवस रोज चमचा माझ्या तोंडावर आला. सलाईनवर काढले ते दिवस. तुला सांगितलं नाही, एवढंच."

पलीकडून सूपची वाटी विसळल्याचा आवाज आला.

"रविवारी माझ्या मागं बसून ये," आई म्हणाली. "चमचा कुठून आणायचा ते दाखवते. डावीकडून आणलास तर त्यांना दिसतो. आणि हो, तुझ्या पायाचं माप वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, एकतीस. हे मात्र माया न धरता आहे, पुन्हा घोळ घालू नकोस."