बाहेरून झिजलेला टायर

मधुकर सबनीस भांडुपच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरच्या फियाटचे लाड सुरू झाले. गाडी चालवायच्या मात्र त्यांच्या पत्नी, वसुधाताई. त्यांची मरोळच्या औषध कंपनीतली नोकरी अजून चालू होती, आणि मुलुंडहून पवईमार्गे तिथं जायला गाडीइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. मधुकरराव रोज सकाळी काचा पुसून गाडी त्यांच्या हवाली करत.

एका रविवारी गाडी धुताना त्यांना दिसलं, की पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेनं पार गुळगुळीत झालाय. आतल्या बाजूची नक्षी जवळजवळ नव्यासारखी. टायर जेमतेम वर्षाचा. टायरच्या दुकानातल्या नंदकुमारनं सांगितलं, की एवढ्या वापरात टायर तीन-चार वर्षं सहज जायला हवा. हा एकाच बाजूनं खाल्ला गेलाय, त्याचं कारण बघा.

कारण मधुकररावांना घरी पोचेपर्यंत सापडलं होतं. वळणावर तू गाडी फार जोरात ओढतेस, शिवाय फुटपाथला चाक घासतेस, असं त्यांनी जेवताना वसुधाताईंना सांगून टाकलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी वाद घातला नाही. आमटी वाढून झाल्यावर गाडीची किल्ली नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"नवा टायर बसवा आणि आता तुम्हीच चालवा. बघू काय होतं."

मधुकरराव रोज मरोळला त्यांना सोडायला आणि आणायला जाऊ लागले. पहिले काही दिवस प्रत्येक वळण कसं घ्यायचं ते दाखवत होते. मग ते विसरूनच गेले, कारण गप्पा सुरू झाल्या. ऑफिसातल्या मालनबाईंचं जावयाशी कसं बिनसलंय, इथपासून कारखान्यातल्या जुन्या संपापर्यंत काहीही निघायचं. संध्याकाळी पवई तलावाच्या कडेला गाडी थांबवून दोघं थर्मासमधला चहा प्यायची. इतकी वर्षं एका घरात राहून एवढं निवांत बोलणं कधी झालं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी मधुकररावांनी सहज नव्या टायरवरून तळवा फिरवला. एका दिशेनं हात मऊ सरकला. उलट फिरवला तर बोटांना बारीक कंगोरे लागले. बाहेरची कड झिजायला लागली होती. ते तिथंच पायरीवर बसले. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण ते उठून वर गेले.

"वसुधा, तुझ्या हाताचा दोष नव्हता गं. माझ्या हातूनही टायर तसाच झिजतोय."

वसुधाताई ओले हात पुसत खाली आल्या आणि त्यांनी स्वतः टायर चाचपून पाहिला.

"माणसं तपासून झाली," त्या म्हणाल्या. "आता चाकं तपासू."

मरोळच्या गॅरेजमध्ये कुंडलिक मिस्त्रीनं गाडी वर घेतली. कधीतरी खड्ड्यात आदळून स्टिअरिंगचा एक दांडा किंचित वाकला होता, त्यामुळे चाक तिरकं घासत चाललं होतं. दांडा बदलला, चाकं सरळ केली, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे झाले. गाडी कुणाच्या हातून आदळली, हा विषय दोघांनीही काढला नाही.

सोमवारी मधुकररावांनी किल्ली परत दिली, जरा अवघडूनच. वसुधाताई गाडीत बसल्या आणि त्यांनी पलीकडचं दार उघडलं.

"चला ना. जाताना मी चालवते, मग गाडी तुम्ही घरी न्या आणि संध्याकाळी घ्यायला या. तलावापाशी मी एकटीनं काय चहा प्यायचा?"

तसंच चालू राहिलं, आणि ते टायर वसुधाताईंच्या निवृत्तीपर्यंत पुरले.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एकदा दोघं घोडबंदरवरून भाईंदरमार्गे गोराईला गेली. स्टिअरिंग वसुधाताईंकडे होतं. रस्ता मी सांगतो म्हणणारे मधुकरराव मिठागरं लागायच्या आत झोपून गेले, तोंड किंचित उघडं ठेवून. वारा गार होता. वसुधाताईंनी गाडी कडेला घेतली, हात लांबवून त्यांच्या बाजूची काच हळूच वर केली, आणि पुन्हा गिअर टाकला.