पंचवीस अंशांची उंची

त्र्याऐंशी सालची गोष्ट. चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात आशाबाई आधी तयार माल पुसून पेटीत भरायची. हात हलका आणि नजर नेमकी, म्हणून तपासणी खात्याच्या नानासाहेबांनी तिला आपल्या टेबलावर घेतलं. तिरक्या भागांचे कोन तपासायला तिथं साईन बार नावाची शंभर मिलिमीटरची पोलादी पट्टी होती. पट्टीचं एक टोक टेबलावर टेकवायचं आणि दुसऱ्याखाली मोजून ठोकळे रचायचे, की हवा तो कोन होतो. कुठल्या कोनाला किती उंची, ते भिंतीवरच्या कार्डावर लिहिलेलं असे.

एकदा आशाबाईनं विचारलं, "साहेब, तीस अंशाला पन्नास मिलिमीटर. मग साठाला शंभर पायजे ना? इथं तर शहाऐंशी पॉइंट साठ हाय."

"ते साईन असतं, आशाबाई. कार्डावर हाय तसं रचायचं," नानासाहेब म्हणाले. पण तिच्या डोक्यातून ते काही जाईना.

रविवारी ती शहरापलीकडं मिटमिट्याला माहेरी गेली. बाप, केरबा, डोंगरावर शेळ्या चारत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. केरबानं हातातली काठी भुईवर आडवी ठेवली आणि एक टोक दाबून धरत दुसरं हळूहळू उचललं.

"बघ. आडवी असताना जरा उचलली की टोक नुसतं वर जातंय. उभी व्हायला आली की वर कमी अन् बाजूलाच जास्त सरकतंय. काठी हाय तेवढीच हाय ना गं!"

आशाबाईनं काठी त्याच्याकडून घेतली. पाच-सात वेळा उचलली, खाली केली. शेळ्या पार खालच्या ओढ्याला गेल्या, तरी दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

घरी येऊन तिनं लेकीच्या आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटर त्रिज्येचा पाव गोल काढला, दर दहा अंशांवर रेघ मारली आणि प्रत्येक टोकाची उंची मोजली. पहिल्या दहा अंशांत सतरा मिलिमीटर चढ, शेवटच्या दहांत जेमतेम दीड. तीस अंशांवर बरोबर निम्मी उंची. तिरक्या लांबीतला किती हिस्सा उंचीला आला, तेच साईन! तिला एकटीलाच हसू फुटलं.

पुढच्याच आठवड्यात पंचवीस अंशांचा नवा माल आला. कार्डावर वीस होते, तीस होते, पंचवीस नव्हते.

"विसाला चौतीस पॉइंट वीस, तिसाला पन्नास. मधला आकडा बेचाळीस पॉइंट दहा. रचा," नानासाहेब म्हणाले.

"नाय साहेब, जरा जास्त लागंल."

"कशावरून?"

"आधीचे पाच अंश जास्त चढत्यात, नंतरचे कमी. म्हंजे पंचवीसला निम्म्याहून जास्त चढ झालेला असणार." तिनं टेबलावरच्या फूटपट्टीचं एक टोक दाबून धरलं आणि दुसरं हळूहळू उचलून दाखवलं.

नानासाहेबांनी शेजारच्या कारखान्यातून साईनच्या कोष्टकांचं पुस्तक मागवलं, चष्मा लावून बोटानं ओळ शोधली. बेचाळीस पॉइंट सव्वीस.

"अठरा वर्षं झाली मला या टेबलावर," ते पुस्तक मिटत म्हणाले, "पण हे असं का, ते कधी कुणाला विचारलंच नाय मी. ती फूटपट्टी परत एकदा उचला बरं. सावकाश."

आशाबाईनं उचलली. नानासाहेब वाकून टोकाकडं बघत राहिले.